पायाशी उरलेली जागा

रिठदचे शांतवन मिस्त्री रविवारी वाशीमच्या चर्चमध्ये शिरले की म्हाताऱ्या माणसांच्या माना आपोआप आखडायच्या. बाकांच्या मधल्या वाटेने ते सावकाश पुढे येत, उंचेपुरे, खांद्यात किंचित वाकलेले, आणि सवयीने डावीउजवीकडे बघत. ज्याच्यावर नजर पडे तो जागच्या जागी थोडा खुजा होऊन बसे. मग मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणे, "मिस्त्री, इकडं नका पाहू बापा! माप घेऊन राह्यले वाटते."

"तुह्यं माप कायले घेऊ?" मिस्त्री म्हणत. "माह्या पेटीत तू दोनदा मावशीन."

अख्ख्या चर्चमध्ये खसखस पिके. वेदीपाशी उभे असलेले पाळकसाहेब गीतांच्या पुस्तकाआड तोंड लपवत.

वाशीम जिल्ह्यात, तिकडे धनजपासून इकडे रिसोडपर्यंत, कुठल्याही ख्रिस्ती घरात माणूस गेलं की त्याची पेटी शांतवन मिस्त्रींच्या हातची. बाकीच्यांचं तिरडीवर भागतं, बांबू कुठेही मिळतो. पण ख्रिस्ती माणसाला मातीत जायला पेटी लागते, आणि ख्रिस्ती घरं ती किती! एका गावात दोन, पुढच्या गावात एकही नाही. त्यांच्यासाठी तयार पेट्या कोण मांडून बसणार? म्हणून माणूस गेलं की फोन रिठदच्या धनराज किराणावाल्याकडे येई. मिस्त्री स्वतः फोन बाळगत नसत. धनराज दुकान तसंच उघडं टाकून धावत येई आणि दारातून ओरडे, "मिस्त्री, मालेगावची म्हातारी गेली जी!" मिस्त्री हातातली खिडकीची चौकट बाजूला ठेवत, डोळे मिटून क्षणभर थांबत, आणि फळ्या काढायला उठत.

बाकी वर्षभर ते दारं-खिडक्या करत, पाळणे करत, पेरणीच्या आधी गावातल्या तिफणी दुरुस्त करत. शिरपूरला यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या खोल्यांना त्यांच्याच हातच्या खिडक्या आहेत. पण त्यांचं नाव होतं ते पेटीसाठी. आणि पेटी करण्याची त्यांची एक तऱ्हा होती.

ही तऱ्हा त्यांना दिली हेमसिंग मिस्त्रींनी. वाशीमला जुन्या मिशनचा सुतारकामाचा कारखाना होता, तिथले हे उस्ताद. तांड्यावरून आलेला माणूस, मिशनमध्ये वाढलेला, मिशा अशा की बोलताना ओठ दिसत नसत. कोवळ्या शांतवनने पहिली पेटी करायला घेतली आणि टेप घेऊन मयताच्या घराकडे निघाला, तेव्हा उस्तादांनी त्याचा कान धरला.

"कोठी चालला?"

"माप घ्याले."

"मेलेल्या माणसाले टेप लावतेत का रे? त्याचं सारं मोजमाप आता वरच्यानं घेतलं. तू सोताच्या मापानं कर. आन झाली का सोता त्यात निजून पाय. तुले तथी सुखाची झोप येईन असं वाटलं, तरच दुसऱ्याले दे."

तेव्हापासून पेटी पुरी झाली की शांतवन मिस्त्री तीत आडवे होत. हात छातीवर, डोळे मिटलेले. प्रभूची प्रार्थना मनात एकदा म्हणायची, पाठीला काही टोचतं का बघायचं, आणि उठायचं. मग झाकण. या जिल्ह्यातला प्रत्येक ख्रिस्ती माणूस ज्या अंथरुणावर शेवटचा निजला, त्यावर त्याच्या आधी शांतवन मिस्त्री निजून उठले होते.

आता मिस्त्री पडले ताडमाड. त्यांच्या मापाच्या पेटीत साधारण माणूस ठेवला की पायाशी वीतभर, हातभर जागा उरे. पेटी खांद्यावर चढली की माणूस आत सरकणार. म्हणून त्या जागेत कडुनिंबाचा पाला भरायचा. आणि तो पाला आणायचं काम होतं पुंजाजीचं.

पुंजाजी म्हणजे मिस्त्रींचा चुलतभाऊ. दोघांचं अंगण एक, घरं समोरासमोर. आजा एकच. त्याच्या दोन मुलांपैकी थोरला तरुणपणी मरणाच्या दारात असताना बैलगाडीत घालून वाशीमच्या मिशन दवाखान्यात नेला, तो बरा होऊन बाप्तिस्मा घेऊनच परतला. धाकटा छप्पन साली नागपूरला गेला आणि धम्मदीक्षा घेऊन आला. थोरल्याचा मुलगा शांतवन, धाकट्याचा पुंजाजी. एका छपरावर डिसेंबरात कागदाचा तारा लागे, दुसऱ्यावर एप्रिलात निळा झेंडा. आणि तारा चढवायला पुंजाजी शिडी धरी, झेंड्याची काठी शांतवन रंधून देई. नाताळच्या करंज्या आणि जयंतीची खीर एकाच ताटलीतून अंगण ओलांडे. कोणाचा धर्म कोणता याची आठवण फक्त माणूस गेलं की होई. एका घरातून पेटी निघे, एका घरातून तिरडी. त्यातही रीत ठरलेली होती. शांतवनचा बाप गेला तेव्हा पेटीला पुढचा खांदा धाकट्या भावाने दिला. पुढे तो धाकटा गेला, तेव्हा तिरडीला पुढचा खांदा शांतवनने दिला.

अंगणाच्या मधोमध कडुनिंब होता. पुंजाजीच्या बापाने नागपूरहून आल्याच्या साली लावलेला. शांतवनची पेटी झाली की पुंजाजी आकडी घेऊन झाडाखाली उभा राही. बुटका, गोल, सदा तोंडात तंबाखूचा बार. कोवळा कोवळा पाला निवडून तोडी, पेटीच्या पायाशी दाबून भरी आणि वरून हाताने थापटी, जशी एखादी आई उशी थापटते. "आता नाई हालत माहा पाव्हणा," म्हणे. पंचशील म्हणणाऱ्या पुंजाजीने किती ख्रिस्ती माणसांचे पाय असे अलगद टेकवून दिले होते, ते त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

मग करोनाचा दुसरा उन्हाळा आला.

धनराज दिवसाआड धावत येऊ लागला. कधी सकाळी, कधी दुपारी. आरामशीन बंद, अडते बंद, रस्त्यावर पोलीस. घरातल्या होत्या नव्हत्या त्या फळ्या संपल्या. मिस्त्रींनी स्वतःच्या घराचं मधलं दार काढलं, त्याची पेटी केली. पलंग मोडला. आणि त्याच दिवसांत पुंजाजीला धाप लागली, त्याला गाडीत घालून अकोल्याला नेलं. गावात बोलणं सुरू झालं की पुंजाजी काही आता परत येत नाही.

त्या आठवड्यात वाशीमच्या जुन्या पाळकबाई गेल्या. मिस्त्रींचं लग्न ज्यांच्या नवऱ्याने लावलं होतं, त्या. त्यांच्यामागे एकाच घरातले दोघं भाऊ. लोक म्हणाले, मिस्त्री, प्लॅस्टिकात गुंडाळूनच द्यावी लागते का आता माती? मिस्त्री उठले. अंगणात येऊन कडुनिंबाकडे वर बघत उभे राहिले. मग कुऱ्हाड आणि करवत घेतली. रत्नमाला, पुंजाजीची बायको, दारात उभी होती. तिचा जीव अकोल्यात अडकलेला. ती नुसती बघत राहिली.

पुंजाजी मात्र परत आला. हाडांचा सापळा होऊन आला, पण आला. गाडीतून उतरला तो अंगणात, भर उन्हात. सावलीच नव्हती. जिथे झाड होतं तिथे बुंधा. त्याने बुंध्याकडे बघितलं, शांतवनच्या घराकडे बघितलं, आणि आत जाऊन दार लावलं. तेव्हापासून तो शांतवनशी एक अक्षर बोलला नाही.

मिस्त्रींनी पुष्कळदा प्रयत्न केला. समोर जाऊन उभे राहिले की पुंजाजी बकरीशी बोलू लागे. "गंगे, कोणाचा भुसा उडून राह्यला व आपल्या दारात? सांग त्याले, वारा पाहून रंधा चालवत जाय मनाव." मिस्त्रीही मग बकरीलाच उत्तर देत, "गंगे, सांग तुह्या मालकाले, वाऱ्याचं पाहू, पयले च्या प्याले ये म्हणा." बकरी बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघे. दोन्ही घरच्या बायका, अंजनाबाई आणि रत्नमाला, पदराआड हसत, आणि आत जाऊन हळहळत. त्यांचं देणंघेणं कधी थांबलं नाही. भाजीची वाटी अंगण ओलांडतच होती, फक्त बुंध्याला वळसा घालून.

त्या झाडाच्या थोड्या फळ्या उरल्या होत्या. मिस्त्रींनी त्या माळ्यावर टाकून ठेवल्या. हात थरथरायला लागले, डोळ्याला धार राहिली नाही, तेव्हा यंदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या सुरुवातीला त्यांनी त्या खाली काढल्या.

"हे कायचं काढलं?" अंजनाबाईंनी विचारलं.

"माहीच पेटी करून ठेवतो म्हटलं."

"घरात ठेवसान? माह्या उशापाशी?"

"तू त्यात गोधड्या ठेवजो तोवर."

"माह्या गोधड्या कायले मरून राह्यल्या!" अंजनाबाई कडाडल्या. पण नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. एकत्र काढलेल्या आयुष्यात एवढं कळतंच. "पेटीचं नाई तुमचं दुखणं," त्या हळूच म्हणाल्या. "खांद्याचं आहे."

मिस्त्री फळीवरून हात फिरवत राहिले. "पुढचा खांदा पुंज्यानं द्यावा, अजून काही नाई पाह्यजे मले," ते म्हणाले. "बाकीचे तिघं कोणीही राहो. पण तो त बकरीले विचारीन, 'कोण चाललं व गंगे?' आन तंबाखू चोळत बसीन."

असं म्हणून ते हसले, पण ते हसू काही पुरं झालं नाही.

पेटी सावकाश होत गेली. एरवी एका रात्रीत उरकायचं काम, पण या पेटीला घाई नव्हती. दुपारी अंगणात फळ्या मांडायच्या, थोडं रंधायचं, थोडं बसायचं. कडुनिंबाचा तो कडवट वास अंगणभर पसरे. समोरच्या ओसरीत पुंजाजी पाठ करून बसे. पाठ करून बसे, पण उठून जात नसे.

एका गुरुवारी पेटी पुरी झाली. अंजनाबाई महिला मंडळाच्या प्रार्थनेला सकाळच्याच बसने वाशीमला गेल्या होत्या. पुंजाजी घरात जेवत होता. मिस्त्रींनी शेवटचा रंधा मारला, आत धुतलेलं पांढरं धोतर अंथरलं, आणि उस्तादांच्या शब्दाप्रमाणे आडवे झाले. हात छातीवर. डोळे मिटले. प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. दर वेळी दुसऱ्याच्या पेटीतून लगेच उठायचं असे; ही तर आपलीच, उठायची घाई कोणाला? फाल्गुनाचं ऊन पायांवर आलेलं, फळ्यांना लहानपणच्या दुपारींचा वास. प्रार्थना अर्ध्यावर राहिली, आणि मिस्त्रींना गाढ झोप लागली.

रत्नमाला हरभऱ्याच्या भाजीची वाटी घेऊन अंगणात आली. बुंध्याला वळसा घातला आणि समोर बघते तर काय! पेटी. पेटीत भासरे, शांतवन मिस्त्री. तोंड भुशाने पांढरंफटक, हात छातीवर, अंगाखाली पांढरं वस्त्र.

तिने जी किंकाळी फोडली ती धनराजच्या दुकानापर्यंत गेली. धनराजला वर्षानुवर्षांची सवय. रिठदमधून फोन कुठे लावायचा हे त्याच्या बोटांना पाठ. तो अंगणाच्या फाटकाशी आला, पेटी बघितली, आणि माघारी पळत जाऊन वाशीमच्या पाळकसाहेबांना फोन लावला.

मिस्त्रींना त्या किंकाळीनेही जाग आली नव्हती. त्यांना जाग आली ती एका हाकेने.

"शांत्या."

या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

"शांत्या... अबे शांत्या. ऊठ ना बे."

मिस्त्री जागे झाले. डोळे उघडणारच होते, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं. डोळे उघडले की हा आवाज बंद होणार. हा उठून जाणार आणि बकरीशी बोलणार. मिस्त्रींनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि श्वास आवरून धरला.

पुंजाजी पेटीच्या काठाला धरून खाली बसला होता. उष्टा हात तसाच. "बोललो नाई बोललो नाई, आन आता बोलून राह्यलो त तू आयकून नाई राह्यला," तो म्हणाला. "कायचा राग होता मले, सांगू? झाडाचा नोता बे. झाड काय, तुह्या जागी मी असतो त मी बी तोडलं असतं. म्या कुऱ्हाड धरली असती तुह्यासंगं. पण तू मले विचारलं नाई! मी तथी अकोल्याले नाकात नळ्या घालून पडेल, आन तुले वाटलं, पुंज्या त गेला, आता कोणाले विचाराचं? मी जिता होतो ना बे, शांत्या! इथं येऊन पाहतो त सावली नाई, झाड नाई. मले वाटलं, मी खरंच मेलो काय?"

त्याने नाक ओढलं. "आन त्या पेट्याईत पाला कोणी भरला? पाळकबाईच्या पायाशी काय टाकलं तू? चिंध्या? सारी जिंदगी पाला म्या भरला. तू झाड नाई तोडलं, तू मले कामावरून काढलं बे."

मेलेल्याचं सोंग करणाऱ्या नटाला सगळ्यात अवघड काय असतं? श्वास नव्हे. श्वास चोरता येतो. डोळ्यांतलं पाणी चोरता येत नाही. मिस्त्रींच्या मिटल्या पापण्यांखाली पाणी भरून आलं, आणि आता ते भुशातून वाट काढत कानाकडे निघणार, अशी वेळ आली.

फाटकाशी शेजारीपाजारी जमले होते. पुंजाजीने बाहीने डोळे पुसले आणि उभा राहून बजावलं, "आयका सारे. पुढचा खांदा माहा राह्यीन. कोणी मधात येऊ नका. माह्या बापाले यानं दिला तसा देतो, डाव्या अंगानं."

"डावा नको लावू बे," पेटीतून आवाज आला. "उतरेल आहे तो तुहा, कबड्डीपासून."

रत्नमालाच्या हातातली वाटी उडाली. फाटकाशी उभे असलेले अर्धे लोक एका उडीत फाटकाबाहेर होते. मिस्त्री उठून बसले, तोंडावर भुसा, भुशात पाण्याच्या दोन रेघा.

पुंजाजी बघत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. "नाटक करून राह्यला होता?"

"नाई बे, झोप लागली होती मले..."

"झोपला होता त खांद्याचं कसं आयकू आलं?"

पुंजाजी वळला, घरात गेला, आणि दार असं आदळलं की गंगा दाव्याला हिसका देऊन ओरडली.

मिस्त्री पेटीत बसून राहिले. झोपेतून उठताना जे हाताशी आलं होतं, ते बोलून घालवलं. सगळा जन्म दुसऱ्याच्या पेट्या नेमक्या केल्या, आणि स्वतःच्या पेटीत दोन घटका गप्प पडून राहता आलं नाही.

तिकडे वाशीमला वेगळाच प्रवेश चालू होता. पाळकसाहेब तरुण, नाशिककडून नुकतेच आलेले. फोनवर धनराज म्हणाला, "साहेब, शांतवन मिस्त्री गेले जी." पाळकसाहेब हादरले. आणि मग त्यांच्या मनात जो पहिला प्रश्न आला, तो वाशीमच्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाच्या मनात आला असता. "अहो, मग पेटी?"

"पेटीतच आहेत जी," धनराज म्हणाला.

महिला मंडळाच्या बायका बाजूच्या खोलीतच होत्या. पाळकसाहेबांच्या बायकोने अंजनाबाईंना जवळ घेतलं, हात हातात घेतला, आणि कशीबशी बातमी सांगितली. एका बाईने हुंदका दिला. अंजनाबाईंनी शांतपणे विचारलं, "कुठी गेले मनते?"

"पेटीत... तसेच पेटीत."

"मंग झोपले असतीन," अंजनाबाई म्हणाल्या. "रात्री डोळ्याले डोळा नाई त्याईच्या." आणि तरी उठताना त्यांचा हात चपलेपर्यंत नीट पोचेना, हे बाकीच्या बायकांनी बघितलं.

टेम्पो भरून माणसं रिठदला आली. झेंडूचं मोठं चक्र आणलेलं. अंजनाबाई सगळ्यांच्या आधी उतरल्या, अंगणात आल्या, आणि पेटीच्या काठावर बसून चहाच्या कपात बघत असलेल्या नवऱ्याला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"च्या कोणं केला?" त्यांनी विचारलं.

"रत्नमालानं."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि पदराने तोंड झाकून मनसोक्त रडल्या.

मग जे हसणं सुरू झालं ते आवरेना. मालेगावहून मोटारसायकलवर आलेले दोघं सांगू लागले की वाटेत त्यांनी भाषण ठरवून ठेवलं होतं. मिस्त्री म्हणाले, बोला, आता आयकतोच. पण हसणाऱ्या मिस्त्रींची नजर समोरच्या बंद दारावर होती. पाळकसाहेब ते चक्र हातात धरून अवघडून उभे. "याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "परत न्यावं का?"

अंजनाबाईंनी डोळे पुसले. "परत कायले? या अंगणात मेलेलं एक हायच की," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर कोणं फुलं टाकली?"

मिस्त्रींनी वर बघितलं. बायको बुंध्याकडे बघत होती.

ते उठले. पाळकसाहेबांच्या हातून चक्र घेतलं, बुंध्यापाशी गेले, आणि गुडघे कुरकुरत असताना खाली बसून ते चक्र त्यांनी बुंध्यावर ठेवलं. चर्चमध्ये प्रार्थनेला उभं राहावं तशी सगळी माणसं उभी राहिली. मिस्त्री बोलले ते बंद दाराकडे बघून, पण साऱ्यांना ऐकू जाईल असं.

"हे झाड माह्या काकानं लावलं होतं. लहानपणी आमी दोघं याच्या दोन फांद्याईवर बसत होतो. याच्या पाल्यानं या जिल्ह्यातल्या माह्या माणसाईचे पाय झाकले. आन मी हे ज्याचं होतं त्याले न विचारता तोडलं. तो मेला असंच धरलं मी. पाला त ढिगानं पडेल होता, पण त्याच्याबिगर मले भरवला नाई. पाळकबाईच्या पायाशी चिंध्या टाकल्या. हेच."

पाळकसाहेबांनी डोकं झुकवलं. झाडाच्या नावाने प्रार्थना कशी करावी हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, पण केली. छोटी केली, आणि चांगली केली.

दार काही उघडलं नाही.

माणसं गेली. टेम्पो गेला. दिवस कलला तशी अंजनाबाई आतून म्हणाल्या, "अवो, ते घरात घ्या ना आता. दव पडते रात्री." मिस्त्रींनी पेटीचं एक टोक उचलून बघितलं. एकट्याचं काम नव्हतंच. ते टोक खाली ठेवणार, तोच दुसरं टोक वर आलं.

पुंजाजी उजव्या हाताने धरून उभा होता.

बकरीकडे या वेळी कोणी बघितलं नाही.

"लय जड केली बे," पुंजाजी म्हणाला.

"कडुनिंब आहे. तोडून इतके साल झाले, तरी जडच."

"मी मरीन असंच वाटलं ना तुले? खरं सांग."

"हो."

पुंजाजीने पेटी खाली ठेवली. तंबाखू चोळायला हात खिशाकडे गेला, पण नुसताच गेला. "मले बी तसंच वाटलं होतं," तो म्हणाला. "नळ्या लावल्या तई."

मग तो पेटीजवळ आला. आतल्या फळीवरून त्याने हात फिरवला, वाकून वास घेतला. कोणी काही म्हणायच्या आत चपला काढल्या, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि सरळ आडवा झाला. हात छातीवर. त्याच्या धर्मात पेटी नव्हती, त्याला पुढे कधी या पेटीत यायचं नव्हतं. तो डोळे मिटून त्या वासात पडून राहिला. मिस्त्री काठावर बसले. पुंजाजीच्या बापाचं झाड त्याच्या चहूबाजूंनी होतं.

रत्नमाला चहाचे कप घेऊन आली. थबकली. पण या वेळी तिने कप टाकले नाहीत की किंकाळी फोडली नाही. "आता तुमी बी?" म्हणाली, कप बुंध्यावर झेंडूशेजारी ठेवले आणि आत अंजनाबाईंना बोलवायला गेली.

"शांत्या," आतून आवाज आला.

"काय बे?"

"पायाशी लय जागा राह्यली रे."

"तू बुटका आहे. मले बरोबर होईन."

पुंजाजीने डोळे न उघडता पाय लांबवून बघितले, टाचेने फळी चाचपली. "नाई. तुले बी राह्यीन. म्हातारपणी आटून राह्यला तू. शाळेपाशी निंब हाय मोठा. पाला मी आणीन." त्याने एक डोळा उघडून वर बघितलं. "तू मरजो त खरा एकडाव."